सरकार विरुद्ध पंडित: दिलेलं नागरिकत्व परत मागण्याचा खटला

सखाराम गणेश पंडित हे नाव वाचून गृहस्थ पुण्या-नाशिककडचे असावेत असं वाटतं. जन्म मात्र अहमदाबादजवळचा, ब्राह्मण कुटुंबातला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले, व्याख्यानं देत फिरले आणि कॅलिफोर्नियात स्थिरावले. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाने त्यांना अमेरिकेचं नागरिक करून घेतलं. पुढे दहा वर्षं उलटतात न उलटतात तोच अमेरिकन सरकार फेडरल कोर्टात सांगत होतं की हे नागरिकत्व बेकायदा मिळालेलं आहे, प्रमाणपत्र रद्द करा.

पंडितांनी लबाडी केली असं सरकारचंही म्हणणं नव्हतं. अर्जात कुठे खोटं नव्हतं, वास्तव्याची वर्षं भरलेली होती, वर्तनाबद्दल तक्रार नव्हती. आपण हिंदुस्थानात जन्मलेले हिंदू आहोत हे त्यांनी उघड सांगितलं होतं. कोर्टाने ते ऐकलं, सरकारच्या बाजूचंही ऐकलं आणि निकाल दिला. मग चूक कोणाची? आणि चूक कोर्टाची असेल तर तिची किंमत कोणी मोजायची? नागरिकत्व कसं मिळतं, कसं टिकतं आणि कसं जातं हे तिन्ही प्रश्न या एका खटल्यात एकमेकांत अडकलेले दिसतात, म्हणून तो सविस्तर पाहू.

तेव्हाचा कायदा

अमेरिकेचा नागरिकत्व देण्याचा पहिला कायदा १७९० चा. त्यात अट होती की अर्जदार 'मुक्त गोरी व्यक्ती' असावी आणि त्याचं दोन वर्षं वास्तव्य असावं. वास्तव्याची मुदत १७९५ मध्ये पाच वर्षं झाली, १७९८ मध्ये एकदम चौदा, आणि १८०२ मध्ये पुन्हा पाच. ती पाच वर्षं आजही तशीच आहेत. गोरेपणाची अट मात्र दीडशेहून जास्त वर्षं टिकली. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकेत जन्मलेल्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना दार उघडलं. चिनी, जपानी आणि हिंदी माणसं दोन्ही व्याख्यांच्या बाहेर राहिली, निदान सरकारच्या मते.

१९०६ चा कायदा या प्रकरणाचा कणा आहे. त्याआधी प्रत्येक कोर्ट आपल्या मनाने नागरिकत्व वाटत असे. १९०६ ने सगळीकडे एकच पद्धत लावली. आधी इरादा जाहीर करणारे 'फर्स्ट पेपर्स' भरायचे, किमान दोन वर्षं थांबायचं, मग दोन साक्षीदार घेऊन मुख्य अर्ज करायचा, आणि इंग्रजी बोलता आलं पाहिजे. सरकारी वकिलाला सुनावणीत हजर राहून विरोध करायची मुभा कलम ११ ने दिली. कलम १५ ने आणखी एक हत्यार दिलं: प्रमाणपत्र फसवणुकीने किंवा 'बेकायदा' मिळवलेलं असेल तर ते रद्द करण्यासाठी सरकार नंतर कधीही दावा लावू शकतं. पंडितांवरचा सगळा दावा या 'बेकायदा' शब्दावर उभा होता.

गोरा म्हणजे कोण हे कायद्याने कुठेच सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे कोर्टाकोर्टात वेगळी उत्तरं निघाली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी नागरिक केलं, पण कचरतच. सरकारने अपील करावं म्हणजे प्रश्नाचा एकदाचा निकाल लागेल, असंही त्यांनी सुचवलं. सरकारने खरंच अपील केलं आणि १९१० मध्ये ते हरलं. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मजुमदार हे बंगाली गृहस्थ 'उच्चवर्णीय हिंदू' म्हणून पास झाले. १९१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कोर्टाने एका शीख अर्जदाराला नाकारलं. १९१९ मध्ये लॉस एंजेलिसला दुसऱ्या एका शिखाचा अर्ज मंजूर झाला, आणि त्याचे वकील होते आपले सखाराम पंडित. कुठल्या गावात अर्ज केला आणि समोर कोणते न्यायाधीश बसले, यावर रंग ठरत होता.

नऊ वर्षांत काय काय बांधलं गेलं

१९१४ च्या सुनावणीत सरकारने पंडितांच्या वंशावर आक्षेप घेतला होता. कोर्टाने तो फेटाळला. सरकारने अपील केलं नाही. खटल्याचं भवितव्य या शांत बसण्यात दडलं होतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

नागरिक झाल्यावर पंडितांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाची सनद घेतली. परक्या नागरिकाला तिथे वकिली करता येत नव्हती. त्यांनी घर घेतलं. १९२० मध्ये एका अमेरिकन गोऱ्या स्त्रीशी लग्न केलं. दुसरीकडे ब्रिटिश कायद्यानुसार परदेशाचं नागरिकत्व आपणहून घेणारा ब्रिटिश प्रजाजन राहत नसे, म्हणजे मागचा दोर कापलेला. आज भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ ने नेमकं हेच होतं. अमेरिकेची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपलं, पासपोर्ट सरेंडर करायचा, हवं तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घ्यायचं.

फेब्रुवारी १९२३

मग भगतसिंग थिंद यांचा निकाल आला. थिंद अमृतसर जिल्ह्यातले, १९१३ मध्ये अमेरिकेत आले, ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झाले. १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं गेलं. १९२० मध्ये ओरेगॉनच्या फेडरल न्यायाधीशांनी ते पुन्हा दिलं, आणि या वेळी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. थिंद यांच्या लढ्यात पंडितांनीही काम केलं होतं.

तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंद यांच्या बाजूला वाटलं, झालं आपलं काम. वंशशास्त्राच्या तेव्हाच्या पोथ्यांत उत्तर हिंदुस्थानी लोक कॉकेशियनच होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांच्या लेखणीतून, एकमताने सांगितलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, आणि हिंदू, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन बोलीत कुठलाही हिंदुस्थानी, त्यात येत नाही. सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. त्यांच्या गोरेपणाचा पुरावा कुणी मागितला नाही.

थिंद यांच्या बाजूने काय मांडलं गेलं हेही झाकून ठेवू नये. उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या मूळ रहिवाशांशी सोयरीक करत नाही, अमेरिकन गोरा काळ्या माणसाशी करत नाही तसाच, असा युक्तिवाद लेखी कैफियतीत होता. जातीची शुद्धता हा गोरेपणाचा दाखला म्हणून पुढे केला गेला. पंडितांनी अर्ज केला तेव्हा, १९१३ ते १९१६ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मे १९१६ मध्ये तिथल्या एका चर्चासत्रात वाचलेल्या जातिसंस्थेवरच्या निबंधात त्यांनी बजावलं होतं की युरोपीय अभ्यासक स्वतःच्या वर्णद्वेषामुळे जातीत रंगाला नको तितकं महत्त्व देतात. एकाच देशात, जवळपास एकाच वेळी, एक हिंदी विद्यार्थी जात आणि रंग यांची गाठ सोडवत होता आणि दुसरे हिंदी लोक कोर्टात ती घट्ट बांधत होते. थिंद यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण त्यांच्या बाजूचा युक्तिवाद जिंकला असता तरी दार उघडलं असतं ते मूठभरांसाठीच.

निकाल लागताच सरकारने जुनी प्रमाणपत्रं बाहेर काढली. मजुमदारांचं नागरिकत्व पहिलं गेलं. त्यांच्यामागून डझनावारी हिंदी नागरिकांवर कलम १५ खाली दावे लागले. पंडित त्या यादीत होतेच.

पंडितांनी प्रश्नच बदलला

वंशाच्या मुद्द्यावर भांडण्यात आता अर्थ नव्हता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला होता. पंडितांनी ते रण सोडून दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: १९१४ चा निकाल बरोबर होता की चूक, हा प्रश्न आज तुम्ही विचारूच शकत नाही.

यामागे दोन आधार होते. आपल्याकडच्या वकिलांना दोन्ही ओळखीचे आहेत. पहिला इस्टॉपेलचा. तुम्ही मला नागरिक म्हणालात, त्या भरवशावर मी आयुष्य उभं केलं, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही. दुसरा रेस ज्युडिकाटाचा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मध्ये आपण वाचतो तो प्राङ्न्याय. त्याच पक्षांमध्ये, त्याच मुद्द्यावर, अधिकार असलेल्या कोर्टाने निकाल दिला, हरलेल्याने अपील केलं नाही, विषय मिटला.

इस्टॉपेलमध्ये सर्वांत धारदार होता तो पत्नीचा मुद्दा. १९०७ च्या कायद्याने परक्या पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री नवऱ्याचं राष्ट्रीयत्व घेत असे, स्वतःचं गमावत असे. पंडितांचं नागरिकत्व मुळापासून रद्द झालं, तर १९२० मध्ये त्या बाईंनी एका परक्याशी लग्न केलं असा अर्थ निघणार, आणि अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकेबाहेर कुठली प्रजा नसलेली ही स्त्री एका झटक्यात परकी ठरणार. १९२२ च्या केबल कायद्याने बायकांना स्वतंत्र नागरिकत्व दिलं खरं, पण नवरा वंशामुळे नागरिकत्वास अपात्र असेल तर ही सवलत नाही, आणि असं लग्न टिकून आहे तोवर त्या स्त्रीला अर्ज करूनही नागरिक होता येणार नाही. तारकनाथ दास या बंगाली क्रांतिकारकाच्या अमेरिकन पत्नीवर हेच ओढवलं. अपात्र परक्याला कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेता येत नसे, १९१३ पासूनचा तो कायदा होता. सनद जाणार, मालमत्ता धोक्यात येणार, पत्नी परकी होणार, आणि ब्रिटिश प्रजाजनत्व तर आधीच गेलेलं. कुठल्याच देशाचा नसलेला माणूस.

१९२४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाचे फेडरल न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी पंडितांच्या बाजूने निकाल दिला. इस्टॉपेलचा युक्तिवाद त्यांनी मान्य केला. सरकारने अपील केलं. १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल कायम केला, भर रेस ज्युडिकाटावर देऊन. मार्च १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने हिंदी नागरिकांवरचे उरलेले दावे सोडून दिले.

हा विजय किती पक्का होता?

माझ्या मते, कागदावर फार पक्का नव्हता. १९१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नेस प्रकरणात म्हटलं होतं की १९०६ च्या कायद्यातली कलम ११ आणि कलम १५ ही दोन वेगळी कुलपं आहेत. सरकारने सुनावणीत हजर राहून विरोध केला आणि ते हरलं, तरी कलम १५ चा दावा नंतर लावता येतो. नेस हा नॉर्वेचा माणूस, त्याने आगमनाचा दाखला जोडला नव्हता, एवढ्यावर त्याचं नागरिकत्व गेलं. ती मोजपट्टी काटेकोर लावली असती तर पंडितांचा रेस ज्युडिकाटा तिथेच मोडला असता. पण एप्रिल १९२६ मध्ये टुटुन प्रकरणात त्याच न्यायालयाने नागरिकत्वाचा अर्ज हा खराखुरा न्यायालयीन खटला आहे आणि त्याच्या निकालावर अपील होऊ शकतं, असं स्पष्ट केलं. खटला असेल, तर खटल्याच्या निकालाला जी अंतिमता असते ती यालाही का नसावी? पंडितांसाठी वेळ जुळून आली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार देणं म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरवणं नव्हे, हेही खरं. तरी व्यवहारात परिणाम तोच झाला.

आणि तो सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. पेशावरहून १९१५ मध्ये सहकुटुंब आलेले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णवदास बगई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. थिंद निकालानंतर त्यांचं नागरिकत्व काढलं गेलं. मालमत्तेवर गदा आली. हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं म्हटलं तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या असं सांगण्यात आलं. ज्या राजवटीतून सुटायला देश सोडला तिचाच कागद हाती घ्यायला त्यांनी नकार दिला. १९२८ मध्ये त्यांनी आपलं जीवन संपवलं आणि कारण पत्राने वर्तमानपत्राला कळवलं. पंडितांचा निकाल लागून वर्षच झालं होतं. पंडित स्वतः वकील होते, कुठला मुद्दा सोडायचा आणि कुठला धरायचा हे त्यांना कळत होतं. बगई दुकानदार होते. कायदा दोघांना एकच होता.

थिंद यांना शेवटी १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ मध्ये झालेल्या खास कायद्याखाली. बाकीच्या हिंदी लोकांना २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याची वाट पाहावी लागली, तोही वर्षाला १०० नव्या स्थलांतरितांच्या कोट्यासह. १९५२ मध्ये वंशाची अट कायद्यातून पुरती गेली.

आज हाच खटला लागला तर

वंशाचा प्रश्न उरलेला नाही. पाच वर्षं ग्रीन कार्ड (अमेरिकन जोडीदारासोबत राहत असाल तर तीन), त्यातले निम्मे दिवस प्रत्यक्ष देशात, सलग वास्तव्य, चांगलं वर्तन, इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, शपथ. वडिलांच्या आजारपणासाठी सहा महिन्यांहून जास्त भारतात राहिलात तर सलग वास्तव्य मोडलं असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. वर्ष उलटलं तर बहुधा नव्याने मोजणी.

टिकण्याच्या बाजूला नागरिक आज पंडितांपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. १९४३ च्या श्नायडरमन निकालाने नागरिकत्व रद्द करण्यासाठी सरकारला स्पष्ट, निःसंदिग्ध आणि पटणारा पुरावा द्यावा लागतो असं ठरवलं. तिथे सरकार एका कम्युनिस्टाचं प्रमाणपत्र काढू पाहत होतं आणि त्याच्यासाठी उभा राहिला होता वेंडेल विल्की, १९४० चा रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार. १९६७ च्या आफ्रोयिम निकालाने, ५ विरुद्ध ४ मतांनी, सांगितलं की परदेशात मतदान केलं म्हणून संसदसुद्धा कुणाचं नागरिकत्व काढू शकत नाही. ते माणसाने स्वतःहून सोडावं लागतं. १९८० च्या टेराझास निकालाने सोडण्याचा हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर टाकली.

पण पंडितांना ज्या दाराने बाहेर पडता आलं, ते आता बुजवलेलं आहे. १९८१ मध्ये फेडोरेंको प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नागरिकत्व बेकायदा मिळालं हे एकदा सिद्ध झालं, की बिचाऱ्याचं काय होईल, त्याने किती वर्षं सचोटीने काढली, हा विचार करून प्रमाणपत्र राखण्याची मुभा न्यायाधीशाला नाही. फेडोरेंको हा नाझींच्या ट्रेब्लिंका मृत्युछावणीतला पहारेकरी होता, त्यामुळे निकालावर कुणी अश्रू ढाळले नाहीत. पण तो नियम फक्त पहारेकऱ्यांपुरता नाही. घर, सनद, पत्नी हे मॅकॉर्मिक यांना पटलेले मुद्दे आज कोर्टाला ऐकून घेता येतील, त्यावर निकाल देता येणार नाही. दिवाणी दाव्याला मुदतीची मर्यादाही नाही. २०१७ च्या मास्लेन्याक निकालाने फौजदारी बाजूला एवढं बंधन घातलं की खोटं विधान नागरिकत्व मिळण्याशी खरोखर जोडलेलं असलं पाहिजे. जून २०२५ मध्ये न्याय खात्याने आपल्या दिवाणी विभागाला असे दावे अग्रक्रमाने चालवायला सांगितलं आहे.

मराठी अर्जदारांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती नावांची. २०१८ च्या जानेवारीत न्यू जर्सीत मूळच्या भारतातल्या एका माणसाचं नागरिकत्व रद्द झालं, ते जुन्या बोटांच्या ठशांवरून दुसऱ्या नावाची फाइल आणि हद्दपारीचा आदेश सापडल्यामुळे. ती लपवाछपवी होती. पण आपल्याकडे लबाडीशिवायही एका बाईची तीन नावं होतात: माहेरचं, वडिलांच्या नावासकट, सासरचं, नवऱ्याच्या नावासकट, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर तिसरं. पदवी एका नावाने, पहिला पासपोर्ट दुसऱ्या, व्हिसा तिसऱ्या. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचा फॉर्म, जन्मापासून वापरलेली सगळी नावं विचारतो. सगळी लिहा, बोलण्यातलं घरगुती नाव एखाद्या सरकारी कागदावर चढलं असेल तर तेही. अटकेविषयीच्या प्रश्नाला 'ते प्रकरण तर मिटलं' म्हणून नाही लिहू नका. आणि अर्ज करण्यापूर्वी आपली ए-फाइल, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडची आपली फाइल, अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागवून घ्या. ही मागणी ऑनलाइन करता येते. यायला वेळ लागतो, पण आपल्याबद्दल सरकारी कपाटात काय लिहिलेलं आहे ते शपथेच्या आधी वाचायला मिळतं.